लेकराला भूल देणार म्हणतात, मग काय विचारायचं?

वस्तीत कुणाच्या मुलाचा एमआरआय निघाला की आमच्याकडे दोन प्रश्न येतात. पहिला खर्चाचा. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो, "ताई, भूल देणार म्हणतात. पोर परत उठेल ना?" खर्चाचं लोक चारचौघांत बोलतात. दुसरा प्रश्न विचारायला आई आम्हाला बाजूला घेते. घरात सासू म्हणालेली असते, एवढ्याशा जिवाला बेशुद्ध कशाला करायचं. नवरा म्हणालेला असतो, डॉक्टरने सांगितलं ना, मग करायचं. त्या दोघांच्या मध्ये ती तारखेची चिठ्ठी हातात घेऊन उभी असते.

आमच्यापैकी काहीजणींनी लहान मुलांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं ड्युटी केली आहे, त्या भरवशावर सांगतो. भूल देणारा माणूस शिकलेला असेल, मुलाच्या श्वासावर कुणीतरी सतत नजर ठेवून असेल आणि पोट रिकामं असेल, तर मूल उठतं. लाखात एखादं प्रकरण बिघडलं की त्याची बातमी होते, नीट उठून घरी गेलेल्यांची होत नाही. पण या तीन "जर" मधला एक जरी ढिला पडला तर धोका खरा आहे. त्यातला एक तर पूर्णपणे आईच्या हातात असतो. म्हणून हे पान.

भूल लागतेच का?

एमआरआयचं यंत्र म्हणजे एक अजस्र लोहचुंबक आणि त्याच्या मधोमध बोगदा. त्यात क्ष-किरण नसतात, मुलाला काही टोचत नाही, दुखत नाही. अडचण वेळेची आणि आवाजाची. डोक्याचा एमआरआय साधारण अर्धा तास चालतो, कधी पाऊण तास, त्याहूनही जास्त. चित्रं टप्प्याटप्प्याने निघतात आणि टप्पा चालू असताना मान हलली की तो वाया जातो, पुन्हा पहिल्यापासून. आवाज म्हणाल तर शेजारच्या खोलीत फरशी फोडत असल्यासारखा. मोठी माणसंही आत घाबरून घंटी दाबतात. दोन वर्षांच्या पोराला "हलू नको" सांगून काय उपयोग?

सीटी स्कॅनचं तसं नाही. आताच्या यंत्रांवर तो काही सेकंदांत उरकतो, त्यामुळे बरीच मुलं भुलेशिवाय पार पडतात. जवळ थांबणाऱ्या माणसाला शिशाचा एप्रन देतात. गरोदर बाईने मात्र तिथे थांबू नये. सोनोग्राफी आणि साध्या एक्स-रेला भुलेचा प्रश्नच येत नाही. मग लोक विचारतात, एमआरआयऐवजी सीटीच का करत नाहीत, पटकन होतो आणि स्वस्तही पडतो. कारण सीटीत क्ष-किरणं लागतात, आणि फिट येणाऱ्या किंवा उशिरा बसणाऱ्या-चालणाऱ्या मुलाच्या मेंदूत डॉक्टरांना जे बघायचं असतं ते सीटीत बऱ्याचदा नीट दिसत नाही.

अगदी तान्ह्या बाळालाही भूल लागेलच असं नाही. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला स्कॅनच्या आधी पोटभर पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कानात बोळे घालायचे आणि गाढ झोपलं की आत सरकवायचं. जगभर मोठमोठ्या रुग्णालयांत ही पद्धत वापरतात. यात औषध नाही, उपाशी ठेवणं नाही. फक्त स्कॅनवाल्यांना अर्धा तास थांबायची तयारी हवी, आणि गर्दीच्या ठिकाणी तीच नसते. तरी विचारा. "बाळ पाजून झोपवून बघू का?" एवढं विचारण्यात काही जात नाही.

दुसऱ्या टोकाला सहा-सात वर्षांची आणि त्याहून मोठी मुलं. त्यांना आधी समजावलं तर बरीचशी न हलता पडून राहतात. घरी सराव घ्या. पलंगाखाली किंवा टेबलाखाली पोराला उताणं झोपवा, मोबाइलवर एमआरआयचा आवाज लावा (शोधला की मिळतो) आणि पुतळा-पुतळा खेळा. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. आपल्याकडची पोरं जयंतीच्या मिरवणुकीतल्या ढोलाच्या आवाजातही झोपतात, आवाजाची भीती त्यांना फार दिवस राहत नाही. खरी भीती असते एकटं पडण्याची. आई किंवा बाप अंगावरचं सगळं लोखंड काढून मुलाच्या पायाला हात लावून आत थांबू शकतो का, हे स्कॅनवाल्यांना विचारायचं.

मधल्या वयात, म्हणजे साधारण सहा महिने ते पाच वर्षं, बहुतेकांना औषध लागतं. मोठं असूनही ज्या मुलाला समज कमी आहे, स्वमग्नता आहे, अंगाला झटके आहेत, त्यालाही लागतं.

गुंगी आणि भूल

दोन शब्द ऐकू येतात. गुंगी, म्हणजे सेडेशन, यात मूल झोपतं पण श्वास स्वतः घेतं. पूर्ण भूल, म्हणजे जनरल अॅनेस्थेशिया, यात हाक मारली, चिमटा काढला तरी कळत नाही, आणि श्वासाला मदत लागू शकते. ऐकायला गुंगी हलकी वाटते. म्हणून "भूल नको, नुसतं गुंगीचं द्या" असं पुष्कळ आईबाप म्हणतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, या दोघांच्या मध्ये भिंत नाही, उतार आहे. तेच औषध तेवढंच देऊन एक पोर नुसतं पेंगतं, दुसरं खोल जातं. लहान मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, श्वासनळी अरुंद, डोकं जड. मान पुढे पडली की वाट बंद होते, आणि अंगातला ऑक्सिजन मोठ्या माणसापेक्षा फार लवकर संपतो. त्यामुळे कोणतं औषध दिलं यापेक्षा ते कोण देतं आणि दिल्यावर कोण बघत बसतं, हे जास्त महत्त्वाचं. सगळी सोय असलेल्या खोलीत भूलतज्ज्ञाने दिलेली पूर्ण भूल ही कोपऱ्यातल्या बाकावर पाजलेल्या गुंगीच्या चमच्यापेक्षा कधीही बरी.

तो चमचा म्हणजे बहुतेक वेळा ट्रायक्लोफॉस नावाचं सिरप. आपल्याकडे मुलांच्या ईईजीला, हृदयाच्या इकोला, स्कॅनला ते खूप वापरतात. औषध जुनं आहे, डॉक्टरांच्या हाताखाली चालतं. काही सेंटरवाले मात्र बाटली लिहून देतात आणि सांगतात, घरून निघताना पाजून आणा, म्हणजे इथे वेळ जायला नको. हे करू नका. रस्त्यात, रिक्षात, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये दाबून बसवलेलं पोर गुंगीत मान टाकतं, श्वास कोंडतो, आणि आई म्हणते, छान झोपलंय. घरी गुंगीचं औषध देऊन निघालेली मुलं वाटेत दगावल्याच्या नोंदी जगात आहेत, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असं घरी देऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. औषध तिथेच, त्यांच्यासमोर, वजन करून. वजन त्या दिवशीचं हवं, अंगणवाडीच्या कार्डावरचं तीन महिन्यांपूर्वीचं नको. आणि एक डोस देऊनही पोर झोपलं नाही म्हणून स्वतःच्या मनाने दुसरा चमचा कधीच नाही.

मोठ्या रुग्णालयात हाताच्या शिरेतून प्रोपोफॉल किंवा केटामीन देतात, नाहीतर मास्कमधून सेव्होफ्लुरेन नावाचा वायू हुंगवतात. मास्क लावला की मूल क्षणभर हातपाय झाडतं, डोळे फिरवतं आणि झोपतं. आईला ते बघवत नाही. पण ते तसंच असतं, पोराला त्यातलं काही आठवत नाही.

सही करण्याआधी चार गोष्टी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. भूल देणारे डॉक्टर कोण? स्कॅन चालू असताना मुलाचा ऑक्सिजन आणि नाडी दाखवणारं यंत्र लावणार का? ऑक्सिजन आणि घशातली लाळ ओढायचं मशीन खोलीजवळ तयार आहे का? आणि फक्त मुलाकडेच बघत राहील असा माणूस कोण? यंत्र चालवणारा टेक्निशियन यात धरायचा नाही, त्याचं लक्ष पडद्यावर असतं. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवा म्हणायचं. अंगठा उठवणाऱ्या आजीलासुद्धा हा हक्क आहे.

उपाशीपणाचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचं. भुलेत ठसका लागण्याची शक्ती जाते. पोटात दूध किंवा भात असेल तर तो वर येतो आणि सरळ फुप्फुसात उतरू शकतो. भुलेतून होणाऱ्या अपघातांतला हा एक मोठा अपघात, आणि टाळता येण्याजोगा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालणारा हिशेब असा. जेवण, बिस्किट, वरचं दूध, पावडरचं दूध हे ६ तास आधी बंद. आईचं दूध ४ तास आधी बंद. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. तळलेलं, मटण असं जड जेवण असेल तर ८ तास. युरोपातल्या भूलतज्ज्ञांनी २०२२ साली यातली बंधनं आणखी सैल केली, पाणी १ तास आधीपर्यंत आणि आईचं दूध ३ तास आधीपर्यंत. पण तुम्ही तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या वेळाच पाळा. दूध घातलेला चहा म्हणजे पाणी नव्हे, तो दुधात मोजायचा. चहात बुडवलेलं पाव-बटर तर जेवणच.

प्रत्यक्षात काय होतं? चिठ्ठीवर एकच ओळ असते, रात्री १२ नंतर काही देऊ नका. सकाळी ७ ला आई रांगेत. नंबर लागतो दुपारी २ ला. दोन वर्षांचं मूल १४ तास पाण्याचा थेंब न घेता रडतंय, ओठ सुकलेत, आणि आता त्याची शीर सापडत नाही म्हणून चार ठिकाणी टोचतात. ही शिस्त नव्हे, हा आळशीपणा आहे. इतक्या वेळ कोरडं ठेवल्याने मूल सुरक्षित होत नाही, उलट पाणी कमी पडून रक्तदाब आणि साखर उतरायची भीती. म्हणून तारीख घेतानाच विचारायचं, नंबर साधारण किती वाजता? पाणी किती वाजेपर्यंत देऊ? चिठ्ठीवर लिहून द्या. आणि नंबर पुढे ढकलला तर पुन्हा जाऊन विचारायचं, आता दोन घोट पाजू का?

याच्या दुसऱ्या बाजूबद्दलही बोलायला हवं. पहाटे पोर रडलं म्हणून आजीने हळूच अर्धी वाटी दूध पाजलं. रुग्णालयात विचारतात, काही दिलं का? आई म्हणते, नाही. का म्हणते? कारण हो म्हटलं की तारीख जाणार. पुढची तारीख महिन्या-दोन महिन्यांनी. आजचा खाडा झालाच आहे, पुन्हा खाडा, पुन्हा रिक्षाभाडं, आणि वरून सिस्टरचं बोलणं. आम्ही सिस्टर होतो, ते बोलणं कसं असतं आम्हाला ठाऊक आहे. त्या बाईला खोटारडी म्हणणं सोपं आहे. पण तिला खरं बोलणं परवडत नाही, अशी सगळी व्यवस्था आहे. तरीही बायांनो, हे एक लपवू नका. दूध दिलं असेल तर किती वाजता दिलं ते सांगा. पुष्कळदा तारीख जात नाही, नंबर दोन-चार तास खाली सरकतो एवढंच. सर्दी, खोकला, ताप, छातीत घरघर यांचंही तेच. नाक वाहणाऱ्या पोराचा श्वास भुलेत पटकन आवळतो. डॉक्टर ऐकतील, तपासतील आणि ठरवतील. रात्री घोरणं, मोठे टॉन्सिल, हलणारा दुधाचा दात, मागे भुलेत घरातल्या कुणालाही झालेला त्रास, हेही सांगायचं. फिटच्या गोळ्या-औषध मात्र उपाशी आहे म्हणून चुकवायचं नाही. सकाळचा डोस घोटभर पाण्याबरोबर द्यायचा का, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

सिकलसेल असेल तर

विदर्भातल्या आपल्या घरांमध्ये सिकलसेल किती आहे हे वेगळं सांगायला नको. नागपूर-चंद्रपूरकडून मुंबई-पुण्यात आलेल्या कुटुंबांनी हे विशेष वाचावं. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं, अंग गार पडलं किंवा ऑक्सिजन उतरला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि अडकतात. आता बघा, लांबलेला उपास, एसीची थंडगार एमआरआयची खोली आणि भूल, तिन्ही गोष्टी एकाच दिवशी. त्यात अशा मुलांचा मेंदूचा एमआरआय निघण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं की मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा आल्याची शंका असते.

म्हणून सिकलसेलचं कार्ड फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि भूलतज्ज्ञांना तोंडानेही सांगा. अशा मुलाचा नंबर सकाळी पहिला हवा, उपासाच्या वेळात सलाइन लागलेलं हवं, अंगावर पांघरूण हवं. घरात कुणाला सिकलसेल आहे पण मुलाची तपासणीच झालेली नाही, तर भुलेआधी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात ती फुकट होते. नुसता वाहक असेल, म्हणजे एकच दोष असेल, तर घाबरायचं कारण सहसा नसतं, पण सांगायचं तरीही.

लोखंड

एमआरआयचं चुंबक स्कॅन संपला तरी चालूच असतं, रात्रंदिवस. दिवा बंद दिसला म्हणजे चुंबक बंद असं नव्हे. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात एक सहा वर्षांचा मुलगा गुंगीत एमआरआयमध्ये होता. ऑक्सिजन लागला म्हणून खोलीत लोखंडी सिलिंडर आणलं गेलं, ते चुंबकाने खेचलं आणि त्याच्या डोक्यावर आदळलं. तो वाचला नाही. आपल्या मुंबईत नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये रुग्णाबरोबर आलेला ३२ वर्षांचा नातेवाईक सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि जिवाला मुकला. तेव्हा कुणीही, अगदी वॉर्डबॉयने सांगितलं तरी, सिलिंडर, स्टँड, व्हीलचेअर घेऊन आत जायचं नाही. तुम्ही नातेवाईक आहात, हमाल नाही.

मुलाच्या अंगावरचे वाळे, करदोटा, कानातलं, केसांच्या पिना, चेन असलेला फ्रॉक सगळं घरीच काढून ठेवा. आईने साडीच्या पिना मोजून काढाव्यात, ब्लाउजच्या आतली एक हमखास राहते. मुलीच्या नखांना नेलपॉलिश नको, बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र नीट आकडा दाखवत नाही. डोक्यात शंट, कानात कॉक्लिअर किंवा हाडात सळई बसवलेली असेल तर त्याचे कागद घेऊन जायचे.

"मेंदू मंद होतो का?"

शिकलेल्या तरुण आईबापांचा हा हल्लीचा प्रश्न. तो हवेतून आलेला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला की तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल दिली तर वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. लोकांनी त्यातला "वारंवार किंवा तीन तासांहून जास्त" हा भाग गाळला आणि उरलेलं पसरवलं. याच विषयावर सात देशांतल्या २८ रुग्णालयांत सातशेहून जास्त तान्ह्या बाळांवर एक मोठी चाचणी झाली. हर्नियाच्या ऑपरेशनला निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. पाच वर्षांची झाल्यावर त्या मुलांची बुद्धी तपासली, निकाल २०१९ मध्ये आला. दोन्ही गटांत फरक नव्हता. त्या बाळांना तासाभराच्या आतबाहेर भूल मिळाली होती, म्हणजे एका एमआरआयएवढीच. तेव्हा एकदाच्या स्कॅनसाठी ही भीती बाळगू नका. पण वर्षभरात तिसऱ्यांदा भूल देणार असतील तर जरूर विचारा, दोन तपासण्या एकाच भुलेत उरकता येतील का? पुष्कळदा येतात, कुणी विचार केलेला नसतो एवढंच.

घरी आल्यावर

मूल पूर्ण जागं झालं, आईला ओळखलं, मान सावरली, दोन घोट पाणी पोटात टिकलं, त्यानंतरच निघायचं. "बेड रिकामा करा" म्हणाले तरी. जाताना मोटरसायकल नको. रिक्षात बसलात तर मांडीवर डोकं वर आणि हनुवटी छातीपासून सुटी. घरी आधी पाणी, मग पेज, मग जेवण. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पोर लडबडत चालतं, चिडचिड करतं. माळ्याची शिडी, नळाचं पिंप, चुलीजवळची जागा यांपासून दूर ठेवा, आणि मोठ्या बहिणीच्या भरवशावर सोडून कामावर जाऊ नका. झोपवायचं ते कुशीवर. ओठ निळे पडले, श्वास अडखळला, हलवूनही उठेना किंवा उलट्या थांबेनात, तर १०८ ला फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही.

खर्चाचं थोडक्यात. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय असतं, रेशनकार्ड घेऊन आधी तिथे जा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, ते स्वतःहून सांगत नाहीत. शाळा किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने मुलाला पुढे पाठवलं असेल तर तो कागद जपून ठेवा.

आणि तारखेचं. एका रुग्णालयात लहान मुलांचा भुलेतला एमआरआय आठवड्यातून एकाच दिवशी होई आणि नंबर चिठ्ठीच्या क्रमाने लागत. सात महिन्यांचं बाळ शेवटी आणि दहा वर्षांचा मुलगा पहिला, असंही होई. आमच्या वस्तीतल्या चार आया आणि आम्ही दोघी अधीक्षकांना भेटलो, अर्ज दिला की नंबर वयाने लावा, सगळ्यात लहान बाळ आधी. दोन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी भूल विभागाच्या डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे आम्हालाही हवंच होतं, कुणी लेखी मागत नव्हतं. आता तिथे दारावर कागद लावलेला आहे, कोणत्या वयाचं मूल किती वाजता आणि पाणी किती वाजेपर्यंत. अर्जाची प्रत आमच्याकडे आहे. ज्यांच्या रुग्णालयात अजून चिठ्ठीचाच क्रम चालतो त्यांनी ती रविवारी विहारातून घेऊन जावी, फक्त रुग्णालयाचं नाव बदलायचं आहे.